बोरघाट कोणत्या सालचा?

आगगाडीची लहान प्रतिकृती मांडणे हा पोरखेळ आहे, असे पुष्कळांना वाटते. ज्यांनी एकदा या छंदात पाऊल टाकले त्यांना तसे वाटत नाही. रूळ, इंजिन, डबे विकत आणण्याच्या आधीच त्यांना एक प्रश्न सोडवावा लागतो. आपली गाडी कोणत्या काळातली? युरोपातल्या छंदिष्टांनी त्यासाठी रेल्वेच्या इतिहासाचे कालखंड पाडून त्यांना रोमन आकडे दिले आहेत. पहिला आरंभापासून साधारण 1920 पर्यंत, दुसरा 1945 पर्यंत, तिसरा 1970 च्या सुमारापर्यंत, आणि पुढे असेच. डब्यांच्या खोक्यांवर तो आकडा छापलेला असतो. दुसऱ्या कालखंडातले जर्मन डबे फार देखणे असतात. पण त्यातल्या 1942 सालच्या मालडब्याकडे नुसता मालडबा म्हणून पाहणे इस्राएलात राहणाऱ्या माणसाला जमत नाही. साल निवडले की त्या सालचे सगळेच पदरात येते.

हा विषय निघाला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलामुळे. लोदच्या घरी, ममादमध्ये, चाके लावलेल्या 3 मीटर लांब टेबलावर त्याने बोरघाट उभारायला घेतला आहे. सायरन वाजला की टेबल भिंतीशी सरकवायचे, अशी सोय केली आहे. याफा ते यरुशलेम हा मार्ग त्याला घराजवळचा होता, आणि इतिहासही भरपूर. 1892 साली सुरू झालेली ती गाडी मीटर मापाच्या रुळांवर धावत होती. पहिल्या महायुद्धात तुर्कांनी लोदच्या पुढचे रूळ 1050 मिलिमीटरचे केले आणि ब्रिटिश आल्यावर त्यांनी तेच 1435 मिलिमीटरचे केले. म्हणजे साल चुकले तर रुळांची रुंदीसुद्धा चुकते! पण त्याला आजोळची गाडी हवी होती. ज्याने कर्जत डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याने खंडाळ्याचा घाट करायला घ्यावा याचे घरातल्या वडीलधाऱ्यांना कौतुक वाटले, आणि मग प्रत्येक जण आपापले साल सांगू लागला. मेहुण्यांना डेक्कन क्वीन हवी. आत्याबाईंना कोळशाचे इंजिन आणि धूर हवा. एकाने सुचविले की घाटाच्या पायथ्याशी तेलाचा घाणा आणि शेजारी आपली मशीद असावी, म्हणजे पाहणाऱ्याला कळेल की हे बेने इस्राएलांचे काम आहे.

हे सगळे एका टेबलावर मावेल, पण एका सालात मावत नाही. या छंदात अंतराची लबाडी सर्वमान्य आहे. बोरघाटाची चढण पावणेसोळा मैलांची. मुलाने घेतलेल्या 1 ला 76 या प्रमाणात ती सुमारे 333 मीटर होईल. तेवढी जागा कोणाच्या घरात आहे? म्हणून बोगदे गाळायचे, दऱ्या जवळ आणायच्या, यात कोणी दोष धरीत नाही. सालाच्या बाबतीत मात्र सूट नाही. विजेच्या तारांखाली 1863 चे इंजिन उभे केले की तो इतिहास राहत नाही, दुकानाची काचपेटी होते.

1853 चे साल पहिल्याच फेरीत बाद झाले. त्या वर्षी 16 एप्रिलला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून 14 डब्यांत सुमारे 400 पाहुणे घेऊन पहिली गाडी ठाण्याला निघाली, साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ती ओढली, 21 तोफांची सलामी झाली, हे आपण शाळेत शिकलो. पण ती गाडी 21 मैलांवर ठाण्यालाच थांबली, घाट तिच्या स्वप्नातही नव्हता. शिवाय या सालाभोवती चुका फार. व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत बांधायला 1878 साली सुरुवात झाली, तरी पहिल्या गाडीमागे ती उभी केलेली मी चित्रांत पाहिली आहे. पहिल्या गाडीचा म्हणून जो फोटो जागोजागी छापतात तो खाडीवरच्या कमानींच्या पुलाचा आहे. तो पूल ठाण्याच्या पुढचा, कल्याणकडे जाणारा, आणि कल्याणचा मार्ग उघडला 1854 साली. ठाण्याची आपली शाआर हाशामाईम मशीददेखील 1879 ची. तेव्हा ती शेजारी ठेवण्याचा मोहही नको.

घाटाची खरी कहाणी पुढे सुरू होते. 1856 साली गाडी घाटाच्या पायथ्याशी पळसदरीपर्यंत आली. 1858 साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला डोंगर मात्र तसाच होता. उतारूंनी खाली गाडी सोडायची, पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी धरायची, असे पाच वर्षे चालले. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या मार्गावर 25 बोगदे आणि 8 मोठे पूल होते. चढण 1831 फुटांची, आणि सर्वांत अवघड जागी 37 फुटांना 1 फूट. पहिला कंत्राटदार फॅविएल. 1859 साली थकलेल्या मजुरीवरून त्याच्या कामावर दंगा झाला आणि त्याने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, तो मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट हातात ठेवले आणि दोन इंजिनियर नेमून काम तडीस नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एका बाईने खंडाळ्याच्या कड्यावरचे कंत्राट सांभाळले, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात का नव्हती कोण जाणे. बर्कली मात्र 1862 साली वारले. 1863 साली घाटातून गाडी गेली ती त्यांना पाहता आली नाही.

जानेवारी 1861 मध्ये या घाटावर 42,000 माणसे कामाला होती. पाऊस लागला की काम बंद, माणसे गावी, दसऱ्यानंतर पुन्हा जमवाजमव. झोपड्यांत दाटी, पिण्याचे पाणी ओढ्याचे. पटकीच्या साथी आल्या त्यात नवल ते काय? त्यांत पुष्कळ माणसे गेली, आणि त्यांची नावे कोणत्याही कमानीवर कोरलेली नाहीत. मला स्वतःला हे साल मांडावेसे वाटले. मुलगा म्हणाला, "मावशी, त्यात गाडीच नाही." त्याचे म्हणणे खरे होते.

मग 1930. मेहुण्यांचे साल. त्या वर्षी 1 जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली. 7 डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी रंगाची, तांबड्या पट्ट्यांची, दुसरी निळी, सोनेरी रेघांची. 1929 साली पुण्यापर्यंत वीज आली होती. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनांना लोक खेकडा म्हणत, त्यांपैकी सर लेस्ली विल्सन नावाचे एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवले आहे. टेबलावर ही गाडी शोभेल यात शंका नाही. परंतु सुरुवातीला तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचे डबे लागले 1955 साली. आपली किती माणसे 1930 साली त्या रुपेरी गाडीत बसली असतील? रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, इस्पितळांत नोकऱ्या करणारा आपला समाज. फलाटावर उभे राहून ती पाहिलेली माणसे आपल्यात जास्त, आत बसलेली थोडी.

डेक्कन क्वीनच्या विरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि ते छंदाच्या दृष्टीने मोठे आहे. मूळच्या घाटात खंडाळ्याच्या अलीकडे एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी चढत चढत कड्याच्या टोकापर्यंत यायची, पुढे वळायला जागा नाही. मग इंजिन सोडून मागच्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट दिशेने वरच्या पायरीवर चढायची. इंग्रजी झेड अक्षर डोळ्यांपुढे आणा. विजेच्या कामाबरोबर नवा मार्ग काढून हे स्टेशन बंद केले. जागेची अडचण असलेल्या माणसाला याहून सोयीचे दुसरे काही नाही. 3 मीटरच्या टेबलावर गाडी गोल गोल न फिरता खरोखर डोंगर चढते! म्हणजे डेक्कन क्वीन आणि रिव्हर्सिंग स्टेशन यांतले एकच घ्यायचे. मुलाने स्टेशन घेतले. मेहुणे अजून नाराज आहेत.

राहिला 1863 ते विजेच्या आधीचा काळ, साठ-पासष्ट वर्षांचा. त्यातले कोणते साल? 1867 च्या पावसाळ्यात घाटातला म्हाऊकी मळी हा दगडी पूल कोसळला होता, म्हणून त्यानंतरचे घ्यावे. मी 1897 सुचविले, आणि त्याची कारणे येथे मांडते.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी सापडले. तो प्लेग होता. हिवाळ्यात शहर रिकामे होऊ लागले. काही लाख माणसे बोटींनी, बैलगाड्यांनी आणि आगगाडीने बाहेर पडली. जी गाडी 1863 पासून व्यापाराची आणि हवापालटाची होती ती आता पळून जाण्याची झाली, आणि रोगाचीही. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. उतारूंची तपासणी सुरू झाली. कल्याण हे जंक्शन, तेथूनच एक मार्ग थळघाटाकडे आणि दुसरा बोरघाटाकडे जातो, म्हणून तेथली तपासणी महत्त्वाची. गाडी थांबवायची, माणसे उतरवायची, ताप पाहायचा, बगलेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचे, संशय आला तर वेगळे ठेवायचे.

यातले एकही काम वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. पण जांघेतली गाठ पाहणे हे पडद्याआड, बाईने बाईचे करायचे काम आहे. ते परक्या पुरुषाने उघड्यावर केले की रोगापेक्षा तपासणीची भीती मोठी होते, आणि रोगी लपविले जातात. पुढे बायकांसाठी बायका नेमल्या गेल्या, परंतु तोपर्यंत लोकांच्या मनात जे बसायचे ते बसले होते. पुण्यात घराघरांत सोजीर शिरले, त्याचा शेवट 22 जून 1897 च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. त्याच पुण्यात 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या होत्या. तीच गाडी, तोच घाट, तेच वर्ष.

आणि त्याच वर्षी 10 जानेवारीला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ओडेसाच्या एका यहुदी शास्त्रज्ञाने आपण बनविलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. वाल्डेमार हाफकिन. त्याआधी पटकीची लस घेऊन ते 1893 पासून हिंदुस्थानात फिरत होते. घाट बांधताना ज्या रोगाने माणसे मेली त्याची लस आणि घाटातून ज्या रोगाच्या भीतीने माणसे पळाली त्याची लस, दोन्ही एकाच माणसाची. आपल्या मुलांना हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव ऐकून माहीत असते, माणूस माहीत नसतो. प्रतिकृतीत हाफकिन दिसणार नाहीत, कारण प्रयोगशाळा मुंबईत होती. पण साल दिसेल, आणि कोणी विचारले तर सांगता येईल.

राहिला घाणा. शनवार तेली ही आपली ओळख आहे आणि ती कोणाला नको आहे? पण घाणे होते अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या गावांत, आणि तेथे आगगाडी नव्हती. आपले लोक मुंबईला यायचे ते होडीने, पुढे लाँचने. रोह्यापर्यंत रूळ पोचले 1986 साली, म्हणजे आपल्यातली बहुतेक कुटुंबे इस्राएलात येऊन स्थिरावल्यावर. ज्याने गाडी पाहिली त्याने घाणा सोडलेला होता, आणि ज्याचा घाणा चालू होता त्याच्या गावी गाडी नव्हती. दोन्ही शेजारी मांडले तर दिसायला गोड, पण आजोबांनी गाव का सोडले हा प्रश्न मुलांना पडणारच नाही. घाणा हवा असेल तर त्याची वेगळी प्रतिकृती करावी, समुद्र आणि होडीसह. आत्याबाईंना हे पटले. ज्यांनी सुचविले होते त्यांना पटले की नाही, ते बोलले नाहीत.

तर आता टेबलाच्या एका टोकाला कल्याणचा फलाट आहे, मध्ये बोगदा, दुसऱ्या टोकाला रिव्हर्सिंग स्टेशन. तारा नाहीत. तिसऱ्या वर्गाचे लाकडी डबे, त्यांत शौचकूप नाही. आजारी माणसाला त्या डब्यात काय सोसावे लागत असेल त्याची कल्पना करवत नाही. तयार रूळ 16.5 मिलिमीटरचे मिळतात, पण आपल्याकडचे साडेपाच फुटी रूळ या प्रमाणात 22 मिलिमीटर भरतात, म्हणून तो ते हाताने बसवीत आहे. फलाटावर चुन्याने रंगविलेली एक शेड आणि बायकांच्या तपासणीसाठी कापडाचा आडोसा ठेवला आहे. माणसांची चित्रे युरोपातून येतात, टोपीवाले साहेब आणि छत्रीवाल्या मडमा हव्या तितक्या. नऊवारीतली बाई कोणताच कारखाना करीत नाही. पाच फुटांची बाई या प्रमाणात 20 मिलिमीटर होते. त्या मी तांब्याची तार आणि रेशमी दोरा घेऊन करीत आहे. आतापर्यंत अकरा झाल्या.