विरहगीत, वैधव्य आणि पुनःप्रयोग : 'टॉर्च साँग'च्या दोन प्रयोगांमधील काळ

१

न्यूयॉर्कच्या चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर १९१२ साली उभ्या राहिलेल्या एका नाट्यगृहाचे मूळ नाव 'लिटल थिएटर' असे होते. सहाशेहूनही कमी आसने असलेले हे नाट्यगृह ब्रॉडवेवरील सर्वांत लहान मानले जाते. १० जून १९८२ रोजी याच रंगमंचावर हार्वी फायरस्टीन यांच्या 'टॉर्च साँग ट्रिलॉजी' या नाटकाचा ब्रॉडवेवरील पहिला प्रयोग झाला. पुढील सुमारे तीन वर्षांत नाटकाचे १,२२२ प्रयोग झाले, आणि ते चालू असतानाच १९८३ मध्ये नाट्यगृहाला अभिनेत्री हेलन हेज यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, १ नोव्हेंबर २०१८ रोजी, तेच नाटक 'टॉर्च साँग' या आखूड नावाने त्याच वास्तूत परतले आणि ६ जानेवारी २०१९ रोजी, अवघ्या दोन महिन्यांनी, तेथून उतरले.

या दोन आकड्यांवरून यशापयशाचा हिशेब मांडणे सोपे आहे. परंतु त्यातून फारसे काही हाती लागत नाही. पुनःप्रयोगाचा खरा प्रश्न निराळा आहे. ज्या नाटकाने एकेकाळी समाजाकडे काही मागितले, त्यातील बरेचसे कायद्याने दिल्यावर त्या नाटकात काय उरते? विवाह, दत्तक मूल, घर या आर्नल्ड बेकॉफच्या मागण्या १९८२ च्या प्रेक्षकाला धाडसी किंवा हास्यास्पद वाटत होत्या. २०१५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा अधिकार देशभर मान्य केला. मागणी पुरी झालेले नाटक हे दस्तऐवज म्हणून जपावयाचे, की नाटक म्हणून पुन्हा भोगावयाचे, हा पेच पुनःप्रयोग करणाऱ्यांपुढे होता.

२

नाटकाचा घाट लक्षात घेतल्याशिवाय या पेचाचे स्वरूप कळत नाही. 'ट्रिलॉजी' मुळात एकसंध लिहिली गेली नव्हती. 'द इंटरनॅशनल स्टड' (१९७८), 'फ्यूग इन अ नर्सरी' (१९७९) आणि 'विडोज अँड चिल्ड्रन फर्स्ट!' (१९७९) या तीन स्वतंत्र नाटिका एलन स्टुअर्ट यांच्या 'ला मामा' या प्रायोगिक रंगमंचावर एकामागून एक सादर झाल्या. १९८१ च्या ऑक्टोबरात 'द ग्लाइन्स' या संस्थेने त्या एकत्र आणल्या आणि सुमारे चार तासांचा एक सलग प्रयोग सिद्ध झाला. आर्नल्डची भूमिका लेखकाने स्वतःच केली होती.

तिन्ही नाटिकांचे रूपबंध एकमेकांपासून भिन्न आहेत, आणि ही भिन्नता आकस्मिक नाही. पहिलीत माणसे प्रामुख्याने एकटी बोलतात. आर्नल्ड हा स्त्रीवेश धारण करून गाणारा कलावंत. (संगीत रंगभूमीवरील स्त्रीभूमिकेशी याची गल्लत करता कामा नये. तेथे नट पात्रात विलीन होऊ पाहतो; येथे वेशामागचा पुरुष प्रेक्षकाला सतत दिसत राहावा अशीच अपेक्षा असते.) रंगपटात बसून तो प्रेक्षकांशी बोलतो, नंतर दूरध्वनीवर बोलतो. त्याचा प्रियकर एड हा शिक्षक. स्वतःच्या इच्छेविषयी साशंक, स्त्रीशी संसार करून सुरक्षित होऊ पाहणारा. दोघे समोरासमोर येतात ते नाटिकेच्या अखेरीस. दुसऱ्या नाटिकेत एका प्रचंड पलंगावर चार माणसे आहेत : एड आणि त्याची मैत्रीण लॉरेल, आर्नल्ड आणि त्याचा तरुण सोबती अ‍ॅलन. संगीतातील 'फ्यूग'प्रमाणे त्यांचे संवाद एकमेकांत गुंफले जातात. तिसरी नाटिका मात्र सरळ वास्तववादी आहे. स्वयंपाकघर, सोफा, न्याहारी, आणि फ्लोरिडाहून आलेली आई. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकेचा साचा लेखकाने येथे जाणूनबुजून उचललेला आहे.

स्वगताकडून गुंफणीकडे आणि गुंफणीकडून घरातल्या भांडणाकडे असा हा प्रवास आहे. एकाकी माणसाचे कुटुंब कसे होत जाते, याची कथा पात्रे सांगण्यापूर्वीच नाटकाच्या घाटाने सांगितलेली असते. भांडता येणे ही येथे कुटुंबाची पहिली खूण ठरते.

३

प्रत्येक पुनःप्रयोग हा मूळ संहितेचा एक अन्वयार्थ असतो. येथे तो अन्वयार्थ खुद्द लेखकाने केलेल्या संक्षेपातूनच सुरू झाला. मोइसेस कॉफमन यांच्या दिग्दर्शनाखाली २०१७ च्या ऑक्टोबरात 'सेकंड स्टेज' या संस्थेने नाटक प्रथम ऑफ-ब्रॉडवे रंगमंचावर आणले. मायकेल युरी आर्नल्डच्या आणि मर्सेडीस रूल आईच्या भूमिकेत होत्या. चार तासांचे नाटक पावणेतीन तासांच्या आसपास आले. तीन अंकांचे दोन झाले आणि नावातून 'ट्रिलॉजी' हा शब्द गेला.

यातील एक बदल विशेष विचार करण्यासारखा आहे. मूळ प्रयोगात पहिल्या नाटिकेच्या प्रवेशांमधून एक गायिका येऊन विरहगीते गाते. इंग्रजी वाक्प्रयोगात, परत न मिळणारे प्रेम मनात तेवत ठेवणाऱ्याच्या हाती पलिता असतो. 'टॉर्च साँग' हे नाव त्यावरूनच आले. गायिका कथेच्या बाहेर उभी असे, आणि तिच्यामुळे आर्नल्डचे दुःख एका मोठ्या, जुन्या परंपरेत जाऊन बसे. पुनःप्रयोगातील सहा जणांच्या नटसंचात ही गायिका नाही. परिणामी नाटकाची कथा वेगवान झाली आणि ओघ सरळपणे तिसऱ्या भागाकडे, म्हणजे आई आणि मुलाच्या संघर्षाकडे, वळला. मात्र जे गाणे शीर्षकात आहे, त्याचा आवाज क्षीण झाला. तीन रूपबंधांमधील अंतर कमी झाल्याने एकाकीपणाकडून कुटुंबाकडे जाणारी वाट काहीशी सपाट झाली, हेही मान्य करावे लागते. संक्षेपाने नाटक आजच्या प्रेक्षकाच्या सोयीचे झाले. त्याची किंमत त्याच्या घाटाने दिली.

आर्नल्डच्या भूमिकेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. फायरस्टीन यांचा घोगरा, खरखरीत आवाज आणि त्यांचे शरीर हीच पहिल्या प्रयोगाची अर्धी संहिता होती. लंडनमध्ये १९८५ साली अँटनी शेर यांनी ही भूमिका केली होती. म्हणजे ती लेखकापासून सुटी होऊ शकते हे पूर्वीच सिद्ध झाले होते. युरी यांचा आर्नल्ड हलका, चपळ, विनोदाच्या आड लपणारा होता. लेखकाची साक्ष गेली आणि पात्र उरले. एखादे नाटक 'अभिजात' होण्याची ही बहुधा आवश्यक पायरी असते.

४

नाटकाच्या इतिहासात एक विलक्षण योगायोग आहे. तिन्ही नाटिका १९७९ पर्यंत लिहून झाल्या होत्या. एड्सच्या पहिल्या रुग्णांविषयीची नोंद जून १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि 'एड्स' हे नाव १९८२ च्या सप्टेंबरात, म्हणजे नाटक ब्रॉडवेवर आल्यानंतर, रूढ होऊ लागले. त्यामुळे पहिल्या नाटिकेतील मद्यगृहाच्या अंधाऱ्या खोलीतील अनोळखी संगाचा विनोदी प्रवेश लिहिला एका काळात गेला आणि पाहिला दुसऱ्याच काळात गेला. १९८५ मध्ये लॅरी क्रेमर यांच्या 'द नॉर्मल हार्ट'ने या विषयावरील नाटकाचा सूरच पालटला. 'ट्रिलॉजी'त मृत्यू आहे, पण तो रोगाने आलेला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या नाटिकांच्या मधल्या काळात अ‍ॅलनला रस्त्यावर मुलांची एक टोळी बेसबॉलच्या दांडक्यांनी मारून टाकते. दिग्दर्शक कॉफमन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मॅथ्यू शेपर्ड या तरुणाच्या १९९८ मधील हत्येवर 'द लॅरमी प्रॉजेक्ट' (२०००) हे नाटक सिद्ध केले होते, हे येथे आठवावे लागते. रंगमंचाबाहेर घडलेली ही हत्या, कायदा बदलल्यानेही जुनी झालेली नाही.

२०१८ हे वर्ष न्यूयॉर्कमध्ये अशा पुनःप्रयोगांचेच होते. मार्ट क्राउली यांचे १९६८ चे 'द बॉइज इन द बँड' आणि टोनी कुशनर यांचे 'एंजल्स इन अमेरिका' ही नाटकेही त्याच वर्षी ब्रॉडवेवर आली. पहिल्यात आत्मतिरस्कार आहे, दुसऱ्यात महामारी आणि राष्ट्र. 'टॉर्च साँग' या दोहोंच्या मधले. त्यातील नायक स्वतःचा तिरस्कार करीत नाही आणि राष्ट्राशीही बोलत नाही. तो आईशी बोलतो. विवाह आणि मूल यांची आस धरणारा हा नायक प्रस्थापित कुटुंबव्यवस्थेलाच शरण जातो, असा आक्षेप ऐंशीच्या दशकातही घेतला गेला होता. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु आर्नल्डच्या घरात जे कुटुंब दिसते, त्यात एक विधुरावस्थेतील पुरुष, पत्नीपासून वेगळा झालेला जुना प्रियकर आणि रस्त्यावरून आलेला पंधरा वर्षांचा समलिंगी मुलगा डेव्हिड एवढी माणसे आहेत. हे अनुकरण असेल, तर मूळ नमुना ओळखू न येण्याइतके बदललेले अनुकरण आहे.

५

वर 'विधुरावस्था' हा शब्द वापरला खरा. पण नाटकाचा गाभा नेमका त्या शब्दाच्या अपुरेपणात आहे. तिसऱ्या नाटिकेच्या शीर्षकात जहाज बुडताना दिल्या जाणाऱ्या 'आधी स्त्रिया आणि मुले' या हाकेचा प्रतिध्वनी आहे. मात्र 'स्त्रिया' या जागी 'विधवा' आल्या आहेत, आणि त्या अनेकवचनी आहेत. एक आई, जिने पती गमावला. दुसरा आर्नल्ड, ज्याने अ‍ॅलन गमावला. आर्नल्ड आपल्या दुःखाची तुलना आईच्या दुःखाशी करतो तेव्हा तिचा संताप अनावर होतो. मुलाचे समलिंगी असणे तिने कसेबसे गिळलेले आहे. त्याचे वैधव्य मात्र तिला आपल्या पस्तीस वर्षांच्या संसाराचा अपमान वाटतो. मराठी अनुवादक येथे अडेल. 'विधवा' म्हणावे तर व्याकरण हसते, 'विधुर' म्हणावे तर लेखकाने मुद्दाम निवडलेला स्त्रीवाचक शब्द हरवतो. ही अडचण भाषेची असली, तरी आईची अडचणही हीच आहे : दुःख समोर आहे, त्याला नाव द्यावयाची तिची तयारी नाही.

योगायोगाने १९८१ मध्येच मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आले. त्यातील मित्राच्या वाट्याला आत्मनाश येतो. आर्नल्ड जगतो, आणि जगणारा माणूस शोकान्त नायकापेक्षा भोवतालच्यांना अधिक अवघड प्रश्न विचारतो. भारतापुरते बोलावयाचे तर सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र विवाहाचा हक्क मान्य झाला नाही आणि अशा जोडप्यांना एकत्रितपणे दत्तक घेण्याची वाटही खुली झाली नाही. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला जे नाटक पूर्ण झालेल्या मागण्यांचे वाटू शकते, ते येथील वाचकाला तसे वाटण्याचे कारण नाही.

तथापि नाटकाची अखेर कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. आई निघण्यापूर्वी मुलाला शोकाविषयी चार शब्द सांगते. ते शब्द एका विधवेने दुसऱ्या शोकाकुल जोडीदाराला सांगावेत तसे आहेत. तुलना तिने तोंडाने नाकारलेलीच राहते, पण सल्ला देताना ती ती मान्य करून बसते. मग आर्नल्ड रेडिओवरचे गाणे ऐकण्यात गुंतलेला असताना ती निरोप न घेता निघून जाते. पूर्ण समेट नाही, पूर्ण ताटातूटही नाही. १९८२ मध्ये हा शेवट आशादायक वाटला असणे शक्य आहे. २०१८ मध्ये त्याच वास्तूत तो अधिक कठोर भासतो. कारण मधल्या काळात कायदा बदलला, आणि तरीही आईने ओलांडावयाचे ते दार तेवढेच जड राहिले.