मुंबईचा पर्यायी रॉक आणि त्याचे श्रोते

साधारण १९८६ ते २००३ या काळात मुंबईत घडलेला, इंग्रजी गीतांच्या स्वतंत्र रॉक संगीताचा चाहतावर्ग. त्याचे हक्काचे ठिकाण धोबी तलावचे रंगभवन. १९८६ मध्ये तिथे ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला आणि उघड्या आकाशाखाली कॉलेजची पोरे घसा बसेपर्यंत ओरडू लागली.

या चाहत्यांच्या वादाचा आवडता विषय रॉक मशीन. महेश टिनईकर आणि उदय बेनेगल यांच्या या बँडने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. परक्यांची गाणी हुबेहूब वाजवण्याच्या जमान्यात स्वतःच्या रचनांचा अख्खा अल्बम, हेच धाडस होते. १९९३ मध्ये बँड ‘इंडस क्रीड’ झाला. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला त्याच वर्षी एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला, तरी जुन्या भक्तांना रॉक मशीनच प्यारे.

पेंटाग्रामबाबतही दोन तट. विशाल ददलानीच्या या बँडचा १९९६ चा ‘वुई आर नॉट लिसनिंग’ हा अल्बम गिटारप्रधान. २००२ चा ‘अप’ इलेक्ट्रॉनिक वळणाचा. दुसरा अधिक टिकाऊ ठरला, असे म्हणायला हरकत नाही.

खरेदी आणि वाद, दोन्ही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या संगीताच्या दुकानात. निर्वाना बँडचा ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) तिथे आधी ऐकायचा, मग खिसा चाचपायचा.

रंगभवन शांतता क्षेत्रात आल्याने तिथले कार्यक्रम थांबले. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले.