अंड्याचा भाव आणि सोयाबीनचं शिवार

अंडी महागली की बातमी शहरातल्या गिऱ्हाइकाची होते, फार तर पोल्ट्रीवाल्याची. धाराशिवच्या सोयाबीन उत्पादकाचं नाव त्यात निघत नाही. वास्तविक अंडं स्वस्त करायची वेळ आली की सरकारचा हात आधी त्याच्याच मालाकडे वळतो, आणि याला तसा फार जुना इतिहास नाही. पूर्वी खुराड्यातली गावरान कोंबडी खळ्यावर सांडलेला जोंधळा, घरातला कोंडाकणी आणि उकिरड्यावरचे किडे खाऊन जगत होती. तिच्या खाद्याला भाव नव्हता, त्यामुळे ज्वारी महागली म्हणून अंडं महागलं असं सहसा होत नसे. अंड्याचे चार पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती येत आणि मीठ-मिरचीत जात.

पिंजऱ्यातल्या कोंबडीने हे गणित मोडलं. 1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध त्यांनी कोंबडीपालकांना एकत्र केलं, त्यातून 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंड्याचा दर उत्पादकांनीच रोज जाहीर करायचा, ही शेतमालाच्या बाजारात दुर्मीळ गोष्ट तिने करून दाखवली.  नंतरच्या काळात धाराशिवच्या कळंब, वाशी, तुळजापूर या भागांत खरिपाची ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन आलं. सोयाबीन गाळल्यावर तेल निघतं पाचवा हिस्सासुद्धा नाही. उरते ती पेंड, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक कोंबडी. अंड्याच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून बराच जास्त वाटा खाद्याचा असल्याने मका आणि पेंड महागली की पोल्ट्रीवाला सरळ दिल्ली गाठतो.

2021 मध्ये हे उघड दिसलं. त्या वर्षीचा हमीभाव 3,950 रुपये असताना ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. पोल्ट्री उद्योगाने ओरड केली आणि त्याच महिन्यात केंद्राने जनुक-बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली. आपल्या शेतकऱ्याला जे बियाणं पेरायची परवानगी नाही, त्याचीच ही पेंड! सप्टेंबरअखेर अतिवृष्टीने मांजरा-तेरणा नद्यांच्या काठची उभी पिकं पाण्यात गेली. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद झाले आणि पेंडीच्या साठ्यावरही मर्यादा आली.

नवा माल आल्यावर भाव उतरणारच होता, आयातीला दोष कशाला, असं कोणी म्हणेल. सुगीत भाव उतरतो हे खरंच आहे, आणि ऑगस्टमधला चढा भाव बहुतेक शेतकऱ्यांना मिळालाही नव्हता. त्यांचा माल केव्हाच विकून झाला होता. पण म्हणूनच निर्णयाची वेळ बोलकी ठरते. चढलेल्या भावाची थोडीफार ऊब पुढच्या हंगामाला लागेल त्याआधीच ती काढून घेतली गेली. 2024 मध्ये हमीभाव 4,892 होता आणि बाजारात माल त्याच्याही खाली विकला जात होता, तेव्हा इतकी तातडी दिसली नाही. विधानसभेच्या प्रचारात आश्वासनं मात्र भरपूर झाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अंडं हे गरिबाच्या पोराचं स्वस्तातलं प्रथिन आहे, आणि पोल्ट्रीवालाही बऱ्याचदा कर्जबाजारी शेतकरीच असतो. दोन्ही मान्य. पण गरिबाला अंडं द्यायचं तर ते तिजोरीतून देता येतं. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने तेच ठरवलं होतं: शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, दर अंड्यामागे 5 रुपये. काहींनी शाकाहाराच्या नावाने विरोध केला, शिक्षकांनी या दरात अंडं मिळत नाही म्हणून तक्रार केली. जानेवारी 2025 मध्ये सरकारने हा निधीच बंद केला आणि अंडं द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना कळवलं.