८७८ मिल्ड्रेड

८७८ मिल्ड्रेड हा मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या मुख्य लघुग्रह पट्ट्यातील एक छोटा लघुग्रह आहे. त्याचा व्यास सुमारे २.५ किलोमीटर आहे. शोध लागल्यानंतर तो हरवला आणि ७५ वर्षांनी पुन्हा सापडला; त्याची ख्याती आहे ती यामुळेच.

शोध व नामकरण

६ सप्टेंबर १९१६ रोजी सेथ निकोल्सन आणि हार्लो शॅप्ली या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांना हा लघुग्रह कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत आढळला. निकोल्सन यांनी त्याआधी १९१४ मध्ये गुरूचा सिनोपे हा उपग्रह शोधला होता. शॅप्ली पुढे आकाशगंगेच्या विस्ताराच्या अभ्यासामुळे नावारूपास आले. लघुग्रहाला शॅप्लींच्या तान्ह्या मुलीचे नाव देण्यात आले. पुढे याच मिल्ड्रेड शॅप्ली मॅथ्यूज यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात ग्रहविज्ञानविषयक ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. १९७९ व १९८९ सालच्या लघुग्रहांवरील दोन मोठ्या ग्रंथांच्या संपादनात त्यांचा सहभाग होता. त्या वेळी त्यांच्या नावाचा लघुग्रह मात्र बेपत्ताच होता.

कक्षा

मिल्ड्रेडचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे २.३६ खगोलीय एकक असून एका प्रदक्षिणेस त्याला ३.६ वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो. कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे (विकेंद्रता सुमारे ०.२३). त्यामुळे तो सूर्यापासून १.८ ते २.९ खगोलीय एककांच्या दरम्यान राहतो; मंगळाची कक्षा ओलांडत नाही. क्रांतिवृत्ताशी कक्षेचा कल जेमतेम २ अंश असल्याने तो नेहमी राशिचक्रातील तारकांच्या पार्श्वभूमीवरच शोधावा लागतो.

हरवणे व पुन्हा सापडणे

१९१६ मधील वेध थोड्याच आठवड्यांचे होते. एवढ्या छोट्या कंसावरून संपूर्ण कक्षा काढताना चूक राहणे अटळ असते, आणि ती प्रत्येक फेरीत साचत जाते. प्रदक्षिणाकाळात केवळ १ टक्क्याची चूक असली, तरी १० फेऱ्यांनंतर लघुग्रह अपेक्षित स्थानापासून कक्षेत ३६ अंश दूर असतो. त्यातच मिल्ड्रेड अत्यंत अंधूक. असंख्य तारकांत तो ओळखणार कसा? अखेर १९९१ मध्ये गॅरेथ विल्यम्स यांनी नव्या छायाचित्रांतील एका लघुग्रहाची १९१६ च्या वेधांशी सांगड घालून त्याची ओळख पटवली. त्यानंतर क्रमांक मिळूनही बेपत्ता असलेला ७१९ आल्बर्ट हा एकच लघुग्रह उरला. तो २००० साली सापडला.