गोलरक्षकाचे मौन

15 नोव्हेंबर 2009 रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहराच्या क्रीडांगणावर सुमारे 40,000 माणसे जमली होती. त्या दिवशी तेथे सामना नव्हता. मैदानाच्या मध्यवर्तुळात पुष्पहारांनी वेढलेली एक शवपेटी ठेवलेली होती, आणि एरवी घोषणांनी दुमदुमणाऱ्या त्या प्रेक्षागारात निःशब्द शांतता पसरली होती. हॅनोव्हर संघाचा कर्णधार व जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याला निरोप देण्यासाठी हा जनसमुदाय लोटला होता. पाच दिवसांपूर्वी, 10 नोव्हेंबर रोजी, त्याने वयाच्या 32 व्या वर्षी स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले होते.

त्याच्या आदल्या रविवारी, 8 नोव्हेंबरला, ह्याच मैदानावर तो हॅम्बुर्गविरुद्ध खेळला होता. सामना 2–2 असा बरोबरीत सुटला, आणि गोलखांबांमध्ये उभ्या असलेल्या त्या उंच, शांत माणसाकडे पाहून त्याच्या मनात काय चालले आहे ह्याची शंकाही कोणाला आली नाही. त्यापूर्वी काही आठवडे तो खेळू शकला नव्हता. तेव्हा त्याला आतड्याचा जंतुसंसर्ग झाला आहे असे सर्वांना सांगण्यात आले होते. सहकारी खेळाडूंची आणि लक्षावधी क्रीडारसिकांची तशीच समजूत होती. खरा आजार वेगळाच होता, व तो फार थोड्या माणसांना ठाऊक होता. तो आजार म्हणजे विषण्णता.

हे मौन एका माणसाच्या संकोचातून निर्माण झाले असे म्हणून इतिहासाला पुढे जाता येणार नाही. ज्या व्यवसायात तो वावरत होता त्या व्यवसायाची घडणच अशी होती, की त्यात शरीराचे दुखणे सांगता येत असे. मनाचे दुखणे सांगण्यास मात्र जागा नव्हती.

धंदेवाईक फुटबॉलचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. 1885 साली तेथील फुटबॉल संघटनेने पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली, आणि गिरण्या व खाणी यांच्या परिसरातील तरुणांना उपजीविकेचे एक नवे साधन मिळाले. परंतु हे साधन बंधनांसह आले. 1901 साली खेळाडूच्या वेतनावर आठवड्यास 4 पौंडांची मर्यादा घालण्यात आली. वेतनमर्यादेची ही पद्धत 1961 पर्यंत टिकली. कराराची मुदत संपली तरी खेळाडूची नोंदणी संघाच्याच हाती राहत असे व संघाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. 1963 साली जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने ही पद्धत अन्यायकारक ठरविली; आणि 1995 साली बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमन याच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील देशांमध्ये मोकळेपणाने जाण्याचा अधिकार दिला.

खेळाडू अशा रीतीने स्वतंत्र झाला. त्याचे वेतन वाढले, मान वाढला, देशोदेशीच्या वाटा त्याला खुल्या झाल्या. परंतु ह्या स्वातंत्र्याची दुसरीही बाजू होती. मोठ्या संघात एका जागेसाठी देशोदेशींचे खेळाडू झगडू लागले. दोन-तीन वर्षांच्या कराराने बांधलेला तरुण एका परक्या शहरातून दुसऱ्या परक्या शहरात जाऊ लागला. करारावर सही होण्यापूर्वी वैद्य त्याचे गुडघे, घोटे व हृदय काळजीपूर्वक तपासीत. मनाची चौकशी क्वचितच होई. ते कणखर आहे असे गृहीत धरले जाई, आणि ते तसे नसेल तर तो गडी ह्या धंद्याच्या लायकीचा नाही असे मानले जाई.

त्यातही गोलरक्षकाची जागा विशेष कठीण. आघाडीच्या खेळाडूच्या दहा चुका एका यशस्वी फटक्याने पुसल्या जातात. गोलरक्षकाने दहा फटके अडविले तरी अकराव्याची चूक फलकावर आकड्याने लिहिली जाते. संघात दहा जणांची जागा सामन्यागणिक बदलू शकते. गोलरक्षक मात्र एकच खेळतो, आणि दुसरा बाकावर बसून त्याच्या चुकीची वाट पाहत असतो. रॉबर्ट एन्केने ही जागा बालपणीच पत्करली होती.

24 ऑगस्ट 1977 रोजी तत्कालीन पूर्व जर्मनीतील येना येथे त्याचा जन्म झाला. त्याचे वडील मानसोपचाराच्या क्षेत्रातले होते ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण आजाराविषयीचे अज्ञान हे त्याच्या मौनाचे कारण नव्हते हे तीवरून दिसते. येनाच्या संघातून तो पश्चिमेकडील मोन्शेन्ग्लाडबाख येथे गेला, आणि 1999 साली पोर्तुगालमधील लिस्बनच्या बेनफिका संघाने त्याला बोलाविले. करारावर सही झाली आणि त्या तरुणाला अकस्मात भीतीने ग्रासले. परतून घरी जावे असे त्याला वाटू लागले. त्या वेळी ही भीती ओसरली. लिस्बनने त्याला आपलेसे केले व लवकरच कर्णधारपदही दिले. ते दिवस त्याच्या आयुष्यातील सुखाचे दिवस होते.

2002 साली, करार संपताच, तो बार्सिलोनाला गेला. कोणत्याही गोलरक्षकाने हेवा करावा असा तो संघ; परंतु तेथे पहिली जागा त्याला मिळाली नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात स्पेनच्या चषकस्पर्धेत नोव्हेल्दा ह्या तिसऱ्या श्रेणीतील लहानशा संघाने बार्सिलोनाला 3–2 असे हरविले. गोलखांबांमध्ये एन्के होता. संघातीलच एका ज्येष्ठ खेळाडूने त्याला उघडपणे दोष दिला. त्यानंतर त्याला खेळण्याची संधी अगदी थोडी मिळाली. 2003 साली त्याला इस्तंबूलच्या फेनरबाह्चे संघाकडे पाठविण्यात आले. तेथील पहिल्याच सामन्यात संघ 3–0 असा हरला आणि आपल्याच प्रेक्षकांनी त्याच्या दिशेने हाती लागेल ती वस्तू भिरकावली. एका सामन्यानंतर त्याने तो करार सोडून दिला. आता त्याच्याजवळ संघ नव्हता, आणि मनातील अंधार दाटत चालला होता.

ह्याच काळात तो मायदेशी परतून डॉ. व्हालेन्टीन मार्क्सर ह्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेला. हे गृहस्थ स्वतः पूर्वी हँडबॉलचे गोलरक्षक होते. औषधे आणि संवाद यांच्या साहाय्याने उपचार सुरू झाले, व काही महिन्यांत रोगी बरा झाला. 2004 च्या आरंभी स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतील टेनेरिफ संघातून त्याने पुन्हा खेळण्यास प्रारंभ केला आणि त्याच वर्षी तो हॅनोव्हरला आला. येथून पुढची पाच वर्षे हा एका बऱ्या झालेल्या माणसाचा इतिहास आहे, आणि तो विसरणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. तो संघाचा आधारस्तंभ झाला, 2007 साली कर्णधार झाला, त्याच वर्षी 29 व्या वर्षी राष्ट्रीय संघात प्रथम खेळला. एकूण आठ सामन्यांत त्याने जर्मनीचे प्रतिनिधित्व केले.

ह्या पाच वर्षांतच त्याच्यावर आयुष्यातील सर्वांत मोठा आघात झाला. 2004 साली जन्मलेली त्याची कन्या लारा हिला जन्मतःच हृदयाचा गंभीर विकार होता. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. परंतु 2006 च्या सप्टेंबरात, दोन वर्षांची असताना, ती गेली. आठवड्याच्या आत तो पुन्हा मैदानावर उभा राहिला. त्याने पुत्रीशोक केला. पण तेव्हा त्याला विषण्णतेने गाठले नाही. उलट 2009 च्या उन्हाळ्यात, जेव्हा पतिपत्नींनी एक तान्ही मुलगी दत्तक घेतली होती आणि पुढच्या वर्षीच्या विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघाच्या पहिल्या गोलरक्षकाच्या जागेसाठी त्याचे नाव घेतले जात होते, त्या वेळी तो आजार परत आला.

शोक आणि विषण्णता यांतील भेद ह्याहून स्पष्ट दिसणे कठीण. शोकाला कारण असते आणि काळाबरोबर त्याची धार बोथट होत जाते. विषण्णता हा आजार आहे. त्यात झोप उडते, सकाळी अंथरुणातून उठणे हे डोंगर उचलण्यासारखे वाटते, साधा निर्णय घेता येत नाही, आणि आपण आपल्या माणसांवर भार झालो आहोत असा खोटा निर्वाळा मनच देऊ लागते. बाहेरचे यश हा निर्वाळा खोडून काढू शकत नाही. हा आजार उपचाराने बरा होतो. परंतु तो उलटूही शकतो, आणि उलटल्यावर पुन्हा उपचारांची, विश्रांतीची व सोबतीची गरज असते. पराभव, टीका वा दुःख ह्यांपैकी एकच कारण पुढे करून अशा मृत्यूचा उलगडा करणे म्हणजे त्या आजाराचे स्वरूपच न समजणे होय.

मग त्याने आपला आजार उघड का केला नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आणखी एका खेळाडूची आठवण होते. 1998–99 च्या हंगामात मोन्शेन्ग्लाडबाखच्या संघात एन्केबरोबर सेबास्टिअन डाइसलर नावाचा एक असामान्य गुणी तरुण खेळत होता. जर्मन फुटबॉलचे भवितव्य ह्या मुलाच्या पायांत आहे असे त्या काळी बोलले जात असे. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याला वारंवार ग्रासले, आणि बायर्न म्युनिककडे गेल्यानंतर 2003 च्या नोव्हेंबरात त्याला विषण्णतेवरील उपचारांसाठी म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेत दाखल व्हावे लागले. ही गोष्ट लपविली गेली नाही. तो परतला, पुन्हा आजारी पडला, पुन्हा परतला. आणि 2007 च्या जानेवारीत, अवघ्या 27 व्या वर्षी, त्याने खेळाचा कायमचा निरोप घेतला.

डाइसलरने खेळ सोडला, पण उपचार घेण्याचे धैर्य दाखविले. परंतु फुटबॉलच्या जगाने त्या घटनेतून चुकीचा अर्थ काढला: आजार उघड झाला की कारकीर्द संपते. एन्केपुढे जणू हाच दाखला होता. त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, 11 नोव्हेंबर रोजी, त्याची पत्नी तेरेसा ह्या डॉ. मार्क्सर यांच्यासह पत्रकारांसमोर आल्या आणि जे इतकी वर्षे झाकले होते ते त्यांनी शांतपणे सांगितले. आजार जगजाहीर झाला तर खेळातील स्थान जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही आपल्याकडून काढून घेतली जाईल, ही भीती त्याला होती. प्रेमाने सर्व काही निभावून नेता येईल असा आपला समज होता. पण तसे नेहमीच घडत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला त्याने ह्याच भीतीपोटी नाकारला होता.

म्हणजे त्याला दोन गोष्टींशी झुंजावे लागत होते: एक आजार आणि दुसरे त्याचे गुपित. आजारावर औषध होते, गुपितावर नव्हते. रोज सकाळी सरावाला जाऊन हसतमुखाने उभे राहण्यात, खोटी कारणे रचण्यात आणि ती लक्षात ठेवण्यात जी शक्ती खर्च झाली, ती बरे होण्याच्या कामी आली असती.

त्या मृत्यूने काही दारे उघडली हे मात्र मान्य केले पाहिजे. 2010 च्या जानेवारीत जर्मन फुटबॉल महासंघ, तेथील लीग संघटना आणि हॅनोव्हरचा संघ यांनी मिळून त्याच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन केले. तेरेसा एन्के यांनी त्याची धुरा स्वीकारली. विषण्णतेविषयी लोकशिक्षण करणे, खेळाडूंना उपचारांची वाट दाखविणे आणि हृदयविकार असलेल्या बालकांना साहाय्य करणे हे त्याचे कार्य. 2014 साली विश्वविजेत्या जर्मन संघात खेळलेला पेर मेर्टेसाकर हा हॅनोव्हरमध्ये एन्केचा सहकारी होता. सामन्यापूर्वी भीतीने आपल्याला उमळ्या येत असत, हे त्याने 2018 साली मोकळेपणाने सांगितले. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या सध्याच्या खेळाडूंपैकी 38 टक्क्यांनी विषण्णतेची वा चिंतेची लक्षणे नोंदविली होती. प्रत्येक लक्षण म्हणजे आजार नव्हे. तरीही हे दुखणे एखाद्या विरळा दुर्बल गड्याचे नव्हे, एवढे त्या आकड्यावरून निश्चित होते.

परंतु ह्या सर्वांहून बोलकी घटना लहान आहे, आणि ती हॅनोव्हरमधीलच आहे. 2011 च्या सप्टेंबरात त्याच संघाच्या मार्कुस मिलर नावाच्या गोलरक्षकाने मानसिक थकव्यावरील उपचारांसाठी आपण रुग्णालयात जात आहोत असे स्वतःच्या नावानिशी जाहीर केले. संघाने त्याला रजा दिली. काही आठवड्यांनी तो बरा होऊन सरावाला परतला. त्याची नोकरी गेली नाही आणि आकाशही कोसळले नाही.

तेच गाव, तोच संघ, तीच गोलखांबांमधील एकाकी जागा. मध्ये दोन वर्षे आणि एक मृत्यू. एन्केला जे वाक्य उच्चारता आले नाही ते मिलरला उच्चारता आले, कारण ते ऐकून घेण्यास लोक आता तयार झाले होते. खेळाडूने बोलावे असे म्हणणे सोपे आहे; त्याने बोलल्यावर त्याची जागा शाबूत राहील ही हमी देणे हे काम इतरांचे आहे. 15 नोव्हेंबरला हॅनोव्हरच्या मैदानावर त्या 40,000 माणसांनी जी शांतता पाळली, तिचा खरा अर्थ हाच होता.