खामगावची पेठ

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जलंब हे एक लहानसे स्थानक आहे, आणि तेथून दक्षिणेकडे फुटलेली आठ मैलांची एक शाखा खामगावला पोहोचून तेथेच थांबते. आठ मैलांच्या या रुळांचे उद्घाटन करण्यासाठी १८७०च्या मार्च महिन्यात खुद्द हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात आले होते, हे आज कोणास सांगितले तर त्याला नवल वाटेल. परंतु त्या काळी खामगावची कापसाची पेठ साऱ्या वऱ्हाडात अग्रगण्य होती, आणि लँकशायरच्या गिरण्यांची दृष्टी तिच्यावर खिळलेली होती. त्या वैभवाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्या वैभवाच्या काठाशी बसून आपापले लहानसे दुकान चालविणाऱ्या माणसाची हकीकत मात्र कोणी फारशी लिहिली नाही, आणि मला ओढ आहे ती त्याचीच.

या पेठेचा आरंभ अगदी साधा. १८२०च्या सुमारास, निजामाच्या अंमलात, काही व्यापाऱ्यांनी येथे येऊन दुकाने घातली; त्यांचा माल म्हणजे तूप, सूत आणि थोडासा कापूस. तुपाचा व्यापार हा ओळखीचा व्यापार असतो: कोणत्या गावचे तूप रवाळ, कोणाच्या घरचे मडके स्वच्छ, कोणाचा शब्द पक्का, हे ज्याला वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने ठाऊक झाले त्यालाच तो साधतो. या पहिल्या दुकानदारांनी ज्या भांडवलावर पेठ उभी केली ते रुपयांत मोजण्याजोगे नव्हते, आणि पुढे जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा या काळ्या जमिनीला जे महत्त्व आले ते तिच्या कुळांना स्वप्नातही दिसले नसेल. भाव चढले, आणि चढतच राहिले. मध्य प्रांतातील कुणब्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याचे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नमूद करून ठेवले आहे. मुंबईत तर समुद्र हटवून जमीन मिळविण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,०००च्या वर गेला, आणि ज्याने आयुष्यात कापसाचे बोंड पाहिले नाही तोही कापसाच्या जिवावर सावकार म्हणवून घेऊ लागला. १८६५च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैला वायद्यांचा हिशेब करण्याची वेळ आली तेव्हा मुंबईतील मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे निघाले.

अशा लाटेत पेठेतल्या अडत्याने काय करावे? अडत्याचा धंदा ज्याने जवळून पाहिला नसेल त्याच्यासाठी थोडे सांगतो. अडत्या स्वतः मालाचा धनी नसे; शेतकऱ्याची गाडी त्याच्या दुकानी उतरे, दलाल खरेदीदार आणी, आणि जुन्या पेठांच्या रीतीप्रमाणे रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे; मग तोलाई, हमाली, धर्मादाय वजा जाऊन जी रक्कम राही ती शेतकऱ्याच्या पदरी पडे, आणि अडत्याला ठरीव दराने त्याची अडत मिळे. भाव दुप्पट झाला तर अडतही वाढे, पण ती जोखमीवाचून वाढे. त्याने आपल्या गाठीच्या पैशाने माल धरून ठेवला, उद्याच्या भावावर नजर ठेवून वायदा केला, की त्याच क्षणी तो अडत्या राहिला नाही. शेजारच्या ओट्यावरील माणसाला एका रात्रीत मिळालेला पैसा पाहून त्याने आपला धंदा सोडला आणि दुसऱ्याच एका धंद्यात, ज्याचे त्याला ज्ञान नव्हते, पाऊल टाकले. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी नव्या वहीवर ‘श्री’ काढणारा, रोजची कीर्द रोज लिहून ती खतावणीत उतरविणारा जो दुकानदार तेजीच्या दिवसांतही केवळ आपली अडत मोजीत बसला असेल, त्याला लोकांनी मंदबुद्धी म्हटले असेल. त्या माणसाविषयी मला अपार आदर वाटतो, कारण इतरांची चूल मोठ्या ज्वाळेने पेटलेली दिसत असताना आपली मंद आच तशीच राखणे हे शेवटी फार मोठ्या मनोनिग्रहाचे काम आहे.

याचा अर्थ मात्र असा नव्हे की एकच गोष्ट धरून बसणे हे नेहमीच शहाणपणाचे असते. रेल्वे आली, तारायंत्र आले, सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला, आणि स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या फोल्कार्ट बंधूंसारख्या पेढ्यांनी खामगावात आपली खरेदी सुरू केली. १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा होऊन तोलाई-मापाईला शिस्त लागली. या बदलांकडे पाठ फिरवून टिकणे शक्य नव्हते. शेतकऱ्याची कथा तर अधिक करुण आहे. त्याने ज्वारीचे शेत कमी करून कापूस वाढविला, म्हणजे पेठेची वाट आपली मानली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत धान्य महाग होऊन कापूस गाठीला असूनही पोटाला भाकर नाही अशी अवस्था त्याने भोगली. त्याला लोभी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सारा, कर्ज आणि सावकाराचे व्याज रोख मागत होते, आणि रोख पैसा कापसानेच मिळत होता. आपली वाट राखण्याची मोकळीकही सर्वांना सारखी नसते.

पुढे अमरावतीने खामगावला मागे टाकले. पण पेठेच्या एका गल्लीत चांदीचे निराळेच काम चालू राहिले, आणि आज ‘रजतनगरी’ हे जे बिरुद खामगावला लाभले आहे ते त्या कामाने मिळविले आहे. शेतकऱ्याची बचत बँकेत नसे. सुगीनंतर ती तोडे, वाळे, कडदोरा, जोडवी, मासोळ्या या रूपाने घरात येई आणि अडीअडचणीला मोडीला जाई. म्हणून त्याला घडणीपेक्षा शुद्धतेची काळजी अधिक. आज घेतलेली चांदी दहा वर्षांनी विकायला आणली तर तिच्यात कसर निघू नये, एवढी एकच गोष्ट जो सराफ निष्ठेने सांभाळील त्याच्याकडे गिऱ्हाईक लांबून येते. हीण मिसळून नफा वाढविणे किती सोपे होते, आणि ते न करणे हे किती पिढ्यांचे काम आहे, याचा विचार करताना त्या मूस तापविणाऱ्या हातांपुढे मान लवते.

एकच गोष्ट निष्ठेने सांभाळणाऱ्या आणखी एका माणसाची हकीकत पेठेबाहेरची आहे. जलंबच्या पुढचे स्थानक शेगाव. श्री गजानन महाराजांनी १९१० साली येथे समाधी घेतली, आणि तेव्हापासून यात्रेकरूंचा ओघ वाढतच गेला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, फाळणीने घर सुटलेला एक पंजाबी गृहस्थ या स्थानकावर येऊन कचोरी विकू लागला. पंजाबातून येताना त्याला ना येथील भाषा ठाऊक होती, ना येथील तिखटाची सवय. पण मैद्याची पारी आणि डाळीचे झणझणीत सारण, एवढ्यावर त्याने आपला संसार पुन्हा उभा केला. गाडी शेगावला थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात खिडकीतून हात बाहेर येतात, कागदात गुंडाळलेल्या कचोऱ्या आणि तळलेली मिरची आत जाते, आणि गाडी अकोल्याच्या दिशेने सुटल्यावर डब्यात कितीतरी वेळ तो वास दरवळत राहतो.