शिवणयंत्रावर घासलेली मापे
स्वीडनमधील एस्किल्सतुना येथील सरकारी बंदूक कारखान्यात शस्त्रतपासनीस असलेल्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये जोडमापांची कल्पना सुचली. तोवर प्रत्येक मापाला वेगळा गेज लागे. योहान्सन यांच्या १०२ पोलादी ठोकळ्यांतून मात्र हवे ते माप जुळवता येई: १.२८, ११ आणि २५ मिमीचे ठोकळे जोडले की ३७.२८ मिमी. आरशासारखे गुळगुळीत पृष्ठभाग दाबून सरकवताच एकमेकांना घट्ट धरत. हे अखेरचे घासकाम ते घरीच करत, तेही पत्नीच्या शिवणयंत्राचे घासयंत्र बनवून. अचूकतेचा हा उगम गमतीचाच. १९०१ मध्ये स्वीडिश पेटंट मिळाले. आजही घरगुती लेथवर हत्यार वाहणारे कॅरेज आणि त्याला अडवणारा स्टॉपर यांच्यात अशा जोडलेल्या ठोकळ्यांचा संच धरून स्टॉपर आवळतात. संच काढला की हत्यार तेवढेच अंतर सरकते आणि स्क्रूच्या ढिलेपणाची चूक मापात शिरत नाही.